किलोमीटर नको, तास सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या ट्रेकवर जो लेख आला तो आमच्या सकाळच्या ग्रुपने अजिंक्यताऱ्यावर मंगळाई देवीच्या देवळापाशी बसून मोठ्याने वाचला, आणि स्कॉटलंडचं नाव आलं तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आम्ही चौघं (मी, आमचे हे, जाऊबाई आणि शेजारचे रिटायर झालेले सर) येत्या मे महिन्यात तिथंच चाललोय. लेख छान आहे, फोटो तर फारच छान. पण वेस्ट हायलँड वे ही वाट पाच दिवसांत आरामात होते असं जे त्यात छापलंय त्यावरून हे पत्र.

वाट आहे १५४ किलोमीटरची. ग्लासगोजवळच्या एका गावापासून फोर्ट विल्यमपर्यंत. त्या गावाचं स्पेलिंग वाचलं तर मिलनगॅव्ही, आणि म्हणायचं मल्गाय, हे आम्हाला तिकडूनच कळलं, नाहीतर स्टेशनवर तिकीट मागताना पंचाईत झाली असती. तर १५४ भागिले ५ म्हणजे रोजचे ३१ किलोमीटर, पाठीवर सॅक घेऊन, सलग पाच दिवस. आरामात? गंमत म्हणजे एका टूरवाल्याने आम्हाला अगदी हाच हिशोब करून दिला होता, वर शेवटच्या दुपारी बेन नेव्हिस हा तिथला सगळ्यात उंच डोंगर पण घातला होता, आणि आम्ही अ‍ॅडव्हान्स भरायच्या बेतात होतो.

वाचलो ते भाच्यामुळे. तो ग्लासगोला असतो, त्याच्या ऑफिसातल्या एक बाई आणि त्यांची मैत्रीण, दोघी साठीच्या पुढच्या, ही वाट कितीतरी वेळा चालल्यात. भाच्याने आमचा प्लॅन त्यांना पाठवला. आम्हाला वाटलं त्या बरं आहे किंवा वाईट आहे एवढं सांगतील, तर त्यांनी उलट आम्हालाच प्रश्न पाठवले. ओले बूट घालून दुसऱ्या दिवशी सलग किती तास चाललाय? चौघांत सगळ्यात हळू कोण चालतं आणि त्यांचं वय काय? वाऱ्यात टोपी उडाली की तुम्ही काय करता? हा शेवटचा प्रश्न वाचून आम्ही खूप हसलो.

गेल्या जुलैत मग ठरवलं की बघूच. शनिवारी भर पावसात सॅक घेऊन घरातून निघालो, यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो, साधारण २५ किलोमीटर, तिथं ओळखीच्यांकडे मुक्काम आणि रविवारी परत. पठारावर वारा असा की माझा पोंचो डोक्यावरून उलटा झाला आणि टोपी कुठं गेली ते पांडवांना माहीत. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले (आपलाच पेपर होता, राग नसावा), तरी सकाळी बूट गच्च ओले ते ओलेच. यवतेश्वरापर्यंत येईतो जाऊबाईंच्या टाचेला रुपयाएवढा फोड, आणि सरांची सुती पँट मांड्यांना घासून घासून त्यांची चाल बदलली. रोज पहाटे किल्ला चढणारी माणसं आम्ही, आमची ही अवस्था दुसऱ्याच दिवशी.

हे सगळं त्या दोघींना कळवलं तर त्यांना फार आनंद झाला! म्हणाल्या, आता बोलू.

त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर किलोमीटर खोडले आणि तास लिहिले. लॉख लोमंड नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या काठाने जाताना इनव्हर्सनेड ते इनव्हरारनन हा टप्पा जेमतेम १०-११ किलोमीटरचा, नकाशावर सपाट दिसतो, पण सगळी झाडांची मुळं आणि दगड, हात टेकत जावं लागतं, म्हणून त्याला त्यांनी चांगले साडेचार तास दिले. उलट किंग्जहाऊस ते किनलॉकलेव्हन यात डेव्हिल्स स्टेअरकेस, म्हणजे सैतानाचा जिना. नाव ऐकूनच जाऊबाई म्हणाल्या मी बसने येते, पण तो म्हणे अजिंक्यतारा चढणाऱ्याला काहीच नाही, जुन्या लष्करी रस्त्याची वळणं आहेत फक्त. तिकडे नेस्मिथ म्हणून एक गिर्यारोहक होते, त्यांनी १८९२ मध्ये एक सोपा हिशोब मांडला तो अजून वापरतात, सपाटीला तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. त्या दोघींनी आमच्या कासच्या वेळा बघून त्याच्या वर आणखी निम्मा वेळ वाढवला. गुडघ्यांचा टॅक्स.

आता आमचा प्लॅन पाचाऐवजी आठ दिवसांचा झालाय. तारखा कशा ठरल्या तेही सांगते कारण टूरवाला बरोबर उलटं करत होता. तो म्हणायचा आधी विमान. या म्हणाल्या आधी किंग्जहाऊसची खोली, कारण तिथं आजूबाजूला गाव नाही, खोल्या मोजक्या, त्या मिळाल्या की बाकीचे मुक्काम मागेपुढे होतात, मग विमान. त्याच्या आधीचा रॅनक मूर म्हणजे मैलोन् मैल उघडा माळ, आडोसा नाही. तिथं हवेपेक्षा रस्ता छळतो असं त्यांचं म्हणणं, जुना दगडी रस्ता आहे, संध्याकाळी तळवे ठणकतात, म्हणून बुटाचा तळ जाड घ्या. आणि टिंड्रमला दुकान लागतं तिथं खाऊ भरून घ्या, पुढचं धड दुकान एकदम किनलॉकलेव्हनला. ही असली माहिती फोटोत दिसत नाही हो.

महिना मे का, तर मिज. आपल्या चिलटाहून बारीक, पण चावरी, आणि एक दोन नाही, ढग. जून ते ऑगस्ट त्यांचं राज्य असतं. वारा सुटला की उडू शकत नाहीत म्हणून तिथले लोक जेवायला मुद्दाम वाऱ्यावर बसतात. दुसरी गोचीड, म्हशीला असते तशीच पण बारीक, गवतातून चढते आणि तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. आमच्या सासूबाईंनी लगेच रॉकेलचा उपाय सुचवला. तसं अजिबात करायचं नाही, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, आणि रोज रात्री गुडघ्यामागं, काखेत बघायचं. नंतर तांबडा चट्टा पसरायला लागला तर डॉक्टर.

बेन नेव्हिस मात्र त्यांनी काढूनच टाकला. आमचे हे म्हणाले, अहो १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. त्यावर उत्तर आलं की कळसूबाईचं गाव किती उंचीवर आहे? बेन नेव्हिसचा पायथा जवळपास समुद्रसपाटीलाच आहे, म्हणजे चढ पुरा तेराशेचा, आणि मेमध्ये माथ्यावर बर्फ असू शकतो. हे गप्प.

सगळ्याच बाबतीत दोघींचं एकमत होतं असं नाही हं. एक म्हणते वॉटरप्रूफ बूटच घ्या, दुसरी म्हणते पाणी वरून आत शिरलं की वॉटरप्रूफ बूट वाळतच नाही, हलके जाळीचे घ्या. त्यावरून त्यांच्यातच जुंपली. आम्ही दोन जोड्या एक आणि दोन जोड्या दुसरे असे घेतलेत. त्यांच्यासाठी कंदी पेढे न्यायचे होते तर दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत, म्हणून दाण्याची चटणी चाललीय. साताऱ्याचं नाव तेवढंच.

संपादक साहेब, तक्रार लेखकाची नाही, ते बहुतेक जाऊन आले नसावेत एवढंच. पण आपण इथं तरी काय करतो? दोन वर्षांपूर्वी जरंडेश्वराच्या पायथ्याला मुंबईचं एक कुटुंब भेटलं, बरोबर आजी, चौघांत एक पाण्याची बाटली, ऊन डोक्यावर. किती वेळ लागेल म्हणाले. मी आपली सवयीने, हे काय, आलंच की! उतरताना अर्ध्या वाटेवर ती आजी एका दगडावर बसलेली दिसली, माझ्याकडे बघून काही बोलली नाही. मी माझी बाटली दिली आणि खाली आले. त्या ग्लासगोच्या बायकांचे प्रश्न वाचताना मला ती आजी आठवत होती.

म्हणून विनंती अशी की पुढच्या पुरवणीत वासोट्यावर लेख यायचा असेल तर बामणोलीच्या लाँचवाल्याला आणि रोज जंगलात जाणाऱ्याला विचारून छापा. वर चढायला साठीच्या माणसाला किती तास, पाणी कुठं, शेवटची लाँच चुकली तर काय, पावसाळ्यात बंद असतो ते ठळक अक्षरात. अजिंक्यताऱ्याचं मीच देते, फुकट: पायथ्यापासून चालत माझ्या वेगाने पन्नास मिनिटं, गुडघे दुखत असतील तर उतरायला पण तेवढीच, पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं म्हणून काठी घ्या, पाणी घरून न्या.

आपली,
रोज किल्ला चढणारी एक वाचक
शाहूपुरी, सातारा