स्थितिक विद्युतचे यंत्र श्रावणात नव्हे, पौषात काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सातवीच्या सामान्य विज्ञानात ‘स्थितिक विद्युत’ (घासल्याने वस्तूवर जमणारी, जागीच साठून राहणारी वीज) हे प्रकरण आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा, म्हणजे थेट पावसातच उघडतात. पुस्तकाच्या क्रमाने शिकवत गेले की हे प्रकरण बहुधा पावसाळा सरायच्या आत येते. मग झडीच्या दिवसांत कपाटातले व्हॅन डी ग्राफ जनित्र (फिरत्या रबरी पट्ट्याने विद्युत प्रभार वर नेऊन खांबावरच्या धातूच्या घुमटात जमवणारे) नाहीतर विमशर्स्ट यंत्र (उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन चकत्यांवर प्रभार जमवणारे) बाहेर निघते. मोटार फिरते, पट्टा फिरतो, पण ठिणगी पडत नाही. असे दोन वर्षे झाले की शाळेच्या सामानाच्या जडसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा येतो आणि पुढच्या निर्लेखनात, म्हणजे निकामी सामान काढून टाकताना, यंत्र भंगारात जाते. अशी टाकून दिलेली बरीच यंत्रे धडधाकट असतात, म्हणून हे पत्र.

दमट हवेतून वीज वाहून जाते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरी गळती पृष्ठभागावरून होते. अ‍ॅक्रिलिकचा खांब, रबरी पट्टा, विमशर्स्टच्या चकत्या यांच्यावर ओलाव्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, त्यात धूळ आणि हाताचा घाम मिसळतो आणि जमवलेला प्रभार त्या थरावरून खाली उतरतो. मोठ्या जनित्राचा प्रवाह काही मायक्रोअँपिअरच असतो, त्यामुळे एवढीशी वाटही त्याला पुरते. उपायही यातूनच निघतो. वर्गाची हवा कोरडी करणे आपल्या हातात नाही, यंत्राचा पृष्ठभाग स्वच्छ आणि कोमट ठेवणे आहे.

सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असली की यंत्र सहज चालते, ६०-६५ च्या वर गेली की कुरकुरते. आपल्याकडे ऑगस्टच्या सकाळी ती ८० च्या वर असते, तर एप्रिल-मेच्या दुपारी २०-२५ पर्यंत उतरते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन तर या प्रयोगासाठी मुद्दाम निवडल्यासारखा आहे. हिवाळ्यातही सकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच यंत्र लावू नये. रात्रभर गारठलेल्या धातूवर दव धरते, म्हणून दुपारी बारानंतरची वेळ धरावी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, तलावांच्या गावांत, आणखी तासभर थांबावे. आणि मार्च-एप्रिलमध्ये प्रयोग असेल तर कूलर बंद हवा. कूलर ओली हवा वर्गात ढकलतो आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याचा सगळा फायदा घालवतो.

यंत्र बाहेर काढण्याआधी प्लास्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून पाहावेत. कपटे उचलले जात नसतील तर त्या दिवशी यंत्राला हात लावू नये.

व्हॅन डी ग्राफची तयारी अशी. घुमट उतरवा. पट्टा काढून सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा, उन्हात रबर तडकते. पट्टा ज्यांवरून फिरतो ते दोन्ही रूळ, खांबाची आतली आणि बाहेरची बाजू साध्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. औषधाच्या दुकानातले काही सर्जिकल स्पिरिट तेलमिश्रित असते, त्याचा थर मागे राहतो आणि काम बिघडते. अल्कोहोलने पुसल्यावर ते पूर्ण उडून जाईपर्यंत, खिडक्या उघड्या ठेवून, अर्धा तास तरी यंत्र चालू करू नका. ठिणगीने वाफ पेट घेते. मग जुन्या पद्धतीचा ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब एका हाताच्या अंतरावर ठेवून पंधरा-वीस मिनिटे खांब शेकवा. एलईडी बल्बचा येथे उपयोग नाही, तो तापत नाही. हेअर ड्रायर वापरलात तर मंद ठेवा, अ‍ॅक्रिलिक फार उष्णता सोसत नाही.

खालची आणि वरची फणी (पट्ट्यावर प्रभार चढवणारे आणि उतरवणारे धातूचे दाते) पट्ट्यापासून २ ते ३ मिलिमीटरवर हवी. ती पट्ट्याला घासली तर पट्टा फाटतो, सेंटिमीटरभर दूर गेली तर प्रभार पट्ट्यावर चढतच नाही. वाहतुकीत ही फणी वाकते, आणि ‘नवीन आणले तेव्हापासून चाललेच नाही’ या तक्रारीमागे बहुधा तीच असते.

पट्टा तुटला की सायकलची ट्यूब कापून बसवण्याचा मोह होतो. तसे करू नका. काळ्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि काजळी वीज वाहून नेते, त्यामुळे पट्टा फिरला तरी प्रभार वर पोहोचत नाही. व्यायामासाठी मिळणारा फिकट रंगाचा लेटेक्स पट्टा योग्य रुंदीत कापून, टोके सपाट चिकटवून वापरता येतो. रूळ खरादवाल्याकडून नवा करून घ्यायचा असेल तर मूळ पदार्थाचाच घ्यावा. दोन्ही रूळ एकाच पदार्थाचे झाले की प्रभार तयार करणारा फरकच उरत नाही.

एवढे करूनही ठिणगी येत नसेल तर खोली पूर्ण अंधारी करून यंत्र चालवा. जिथे जांभळी चमक किंवा बारीक झुबका दिसेल तिथून गळती आहे. घुमटाला पोचा असेल, ओरखड्याची कड वर आली असेल, तर तिथेच दिसेल. जिनिंगच्या गावांत आणखी एक त्रास असतो. कापसाची हवेतली तूस घुमटावर बसते, आणि एकेक तंतू सुईच्या टोकासारखा प्रभार हवेत सोडत राहतो. कापूस वेचणीचा हंगाम आणि आपला कोरडा हंगाम एकच, म्हणून दर प्रयोगाआधी कोरड्या सुती नव्हे, तर तूस न सोडणाऱ्या नायलॉनच्या कपड्याने घुमट पुसावा. विज्ञान दिनाच्या दीपप्रज्वलनाची समई यंत्राच्या टेबलावर ठेवू नये. ज्योतीतून आयन (प्रभारित कण) निघतात आणि घुमट रिकामा होतो. दसऱ्याला यंत्राची पूजा करणाऱ्या शाळांनी हळदकुंकू लाकडी पाटाला लावावे, घुमटाला नाही.

विमशर्स्ट यंत्राला विजेची गरज नाही, हाताने फिरते. ज्या गावात लाईटचा भरवसा नाही तिथे हेच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. याचे दोन दोष नेहमीचे. दोन चकत्या उलटसुलट फिरायला हव्यात, त्यासाठी एक दोरपट्टा सरळ आणि दुसरा आठाच्या आकड्यासारखा पिळलेला असतो. बदलताना दोन्ही सरळ बसवले जातात आणि चकत्या एकाच दिशेने फिरू लागतात. पायाच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा येथे चालतो. दुसरा दोष ब्रशच्या दांड्यांचा. समोरची आणि मागची दांडी एकमेकींशी फुलीसारखी हवी, समांतर झाली की काही होत नाही. ब्रशचे टोक चकत्यांवरच्या धातूच्या पत्र्यांना हलके टेकलेले हवे आणि हँडल बाणाच्या दिशेनेच फिरवायचे.

अर्थिंगबद्दल दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मोटार २३० व्होल्टवर चालते, तिच्यासाठी तीन पिनांचे खरे अर्थिंग लागते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडते, तेव्हा शाळेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलेच पाहिजे. स्थितिक प्रभाराचे काम मात्र फारच कमी प्रवाहाचे आहे. १० मायक्रोअँपिअर प्रवाह एका मेगाओहममधून गेला तरी फक्त १० व्होल्ट पडतात. खिडकीबाहेर मीटरभर सळई ठोकून, बादलीभर पाणी घालून, तिची तार यंत्राच्या तळाला आणि ठिणगीच्या गोळा-दांडीला (टोकाला धातूचा गोळा असलेली, घुमटाची ठिणगी घेणारी दांडी) जोडली की पुरे. ही तार नसेल तर तळालाच उलट प्रभार चढतो आणि बटण बंद करताना शिक्षकाला चटका बसतो.

केस उभे राहण्याचा प्रयोग खेड्यातल्या शाळेत फसतो तो तेलामुळे. तेल लावून घट्ट वेणी घातलेले केस उठत नाहीत. आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता यायला सांगावे. मूल कोरड्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभे करावे. लाकडी बाक आणि फरशी दोन्हींतून प्रभार गळतो. हात आधी घुमटावर ठेवायचा, यंत्र नंतर चालू करायचे, आणि यंत्र बंद करून घुमट दांडीने रिकामा केल्याशिवाय हात काढायचा नाही. तोवर दुसऱ्या मुलांनी त्याला शिवू नये. माणसाच्या अंगाची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, २० सेंटिमीटर व्यासाच्या घुमटाची केवळ ११. तेवढ्याच व्होल्टला अंगात सुमारे नऊपट ऊर्जा साठते, म्हणून स्टुलावरच्या मुलाला शिवल्यावर चटका जोरात बसतो.

२० सेंटिमीटरचा असा घुमट जास्तीत जास्त ३ लाख व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, कारण हवा सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टला फुटते. व्यवहारात दीड लाख मिळाले तरी उत्तम. त्या वेळी साठलेली ऊर्जा एक ज्यूलच्या आठव्या भागाइतकीच, म्हणून ठिणगी चावते पण इजा करत नाही. हे समीकरण लायडन बरणी (आतबाहेर धातूचा पत्रा लावलेली, प्रभार साठवणारी काचेची बरणी) जोडली की बदलते. बरणीची धारिता घुमटाच्या पन्नास-शंभरपट असू शकते. १७४६ मध्ये फ्रान्समध्ये नोले या शास्त्रज्ञाने हात धरून उभ्या केलेल्या १८० शिपायांमधून बरणीचा झटका पाठवला होता. तो किस्सा वर्गात जरूर सांगावा, मुलांची साखळी मात्र मुळीच करू नये. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने खोलीतच येऊ नये. श्रवणयंत्रे, मोबाइल, प्रोजेक्टर, संगणक तीन मीटर दूर ठेवावेत.

महागडे जोडसाहित्य लागत नाही. हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत मुरमुरे घालून ती घुमटावर ठेवा, मुरमुरे कारंज्यासारखे उडतात. सरकीतून काढलेल्या कापसाचा छोटा पुंजका घुमट आणि दांडीच्या गोळ्यामध्ये सोडला तर तो इकडून तिकडे येरझारा घालतो, एकदा प्रभार घेऊन आणि एकदा देऊन. अंधारात जुनी नळीची ट्यूबलाइट जवळ नेली तर ती क्षणभर उजळते. ती फुटू देऊ नका, आत पारा असतो.

शेवटचा प्रयोग आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. घुमटातून दांडीच्या गोळ्यावर चार-पाच सेंटिमीटरच्या ठिणग्या पडत असताना, तळाच्या तारेला जोडलेली दाभणासारखी अणकुचीदार सुई घुमटाकडे रोखून जवळ आणा. ठिणग्या थांबतात. सुईच्या टोकाशी क्षेत्र इतके तीव्र होते की प्रभार गुपचूप हवेतून निघून जातो. तडितरक्षकाच्या टोकाची ओळख मुलांना इथे होते. मात्र लगेच पुढची गोष्ट सांगावी लागते: खऱ्या ढगाचा प्रभार अशी सुई रिकामा करू शकत नाही, तडितरक्षक वीज थांबवत नाही, ती जाड तारेने सुरक्षित जमिनीत नेतो. इमारतीला तो असूनही त्याची तार मधेच कापलेली किंवा चोरीला गेलेली असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

पेरणी आणि निंदणाच्या दिवसांत वावरातल्या कास्तकारांवर आणि मजुरांवर वीज पडल्याच्या बातम्या आपल्याच दैनिकात येतात. ज्या मुलाने उंच टोकाकडे ठिणगी ओढली जाताना पाहिली, त्याला एकट्या निंबाखाली का थांबू नये हे पाठ करावे लागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप याच वर्गात दाखवता येईल. गडगडाट शेवटचा ऐकल्यावर अर्धा तास घराबाहेर निघू नये, हेही तेव्हाच सांगावे.

शिक्षण विभागाला आमच्या तीन विनंत्या आहेत. प्रकरण केव्हाही शिकवा, पण त्याचे प्रात्यक्षिक डिसेंबर-फेब्रुवारीत घेण्याची मुभा घटक नियोजनात लिहून द्या. मार्चअखेरच्या खरेदीत यंत्रासोबत दोन सुटे पट्टे आणि मराठी माहितीपत्रक सक्तीचे करा. आणि ‘नादुरुस्त’ शेरा मारण्यापूर्वी यंत्र केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत हिवाळ्याच्या एका दुपारी चालवून पाहिले गेले, अशी नोंद मागा.

यंत्र परत ठेवताना पट्टा रुळांवरून उतरवून, काळ्या पिशवीत, ऊन न लागेल असा ठेवावा. ताणलेला पट्टा कपाटातच तडकतो.

आपले विश्वासू,
ग्रामीण विदर्भातील काही विज्ञान शिक्षक व प्रयोगशाळा परिचर