बाई, तो शब्द माझ्या घरातला होता

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या बिल्डिंगखाली एक उंच मुलगा तुमच्या बंद दाराकडे बघत उभा होता. मी आधी ओळखलंच नाही. "काकू, बाई कुठे गेल्या?" असं त्याने विचारलं आणि मला एकदम भरून आलं. वडिलांच्या तपासणीसाठी तो मिझोरममधल्या ऐझॉलहून आला होता. तुम्ही पेणला मुलीकडे राहायला गेलात हे ऐकून त्याचा चेहराच उतरला. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. शिवाय हे आपल्या खारघरमधल्या चार लोकांनी वाचावं असंही मला वाटतं.

2022 च्या जूनमध्ये ते कुटुंब तिसऱ्या मजल्यावर भाड्याने आलं. सेक्टर 22 मधल्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या कॅन्सर केंद्रात, वडिलांचे उपचार चालू होते. ऐझॉल जिल्ह्यातल्या पुरुषांमध्ये कॅन्सरचं प्रमाण देशात सगळ्यांत जास्त नोंदलं गेलंय, हे मला खूप नंतर कळलं. त्या वेळी इतक्या लांबून का आलात, एवढंही मी विचारलं नव्हतं.

मुलगा नऊ वर्षांचा, माझ्या लेकाएवढाच. खाली क्रिकेटला त्याला कुणी घेईना. "ए चायनीज" अशी हाक. बॉल गटारात गेला की काढायला मात्र तोच. माझा लेकही त्याला तीच हाक मारायचा.

तुमची खिडकी खेळायच्या जागेकडे. तुम्ही सगळं ऐकत होतात. पण मुलांना ओरडला नाहीत, मला बोलावलंत. चहा दिलात आणि विचारलंत, "हा शब्द त्याला कुठून मिळाला गं?" मी म्हटलं, शाळेतून असेल. तुम्ही पुढे काहीच बोलला नाहीत. जिना चढताना मला आठवलं. ते लोक आले त्याच दिवशी मी नणंदेला फोनवर सांगितलं होतं, "वरच्या मजल्यावर चायनीज राहायला आलेत." लेक शेजारी बसून गृहपाठ करत होता.

2014 च्या जानेवारीत दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलच्या निडो तानियाला केसांवरून, दिसण्यावरून चिडवलं, मारहाण झाली आणि तो पोरगा गेला. ती बातमी वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. दिल्लीची माणसंच तसली, असं मी तेव्हा म्हणाले होते. त्या जिन्यात मला ते वाक्य आठवलं, बाई, आणि पाय उचलेना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला शिकवणीला बसवलंत, फी न घेता. त्या दिवसाचं लेकाने घरी येऊन इतक्यांदा सांगितलंय की मी तिथेच होते असं वाटतं. आधी तुम्ही फळ्यावर त्याचं नाव लिहिलंत. त्याच्या तोंडून ऐकून, खोडून, परत लिहून. तिसऱ्यांदा त्याने मान हलवली. बाकीच्या मुलांना त्याचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. (मी इथे लिहीत नाही, त्याच्या आईला विचारलेलं नाही.) मग 'लिंग बदला' सुरू झालं, घोडा-घोडी, मुलगा-मुलगी. तर तो मोडक्या हिंदीत म्हणाला, मिझोमध्ये माणसांची नावंही अशीच असतात, मुलग्यांची 'आ'ने संपतात, मुलींची 'ई'ने. झालं! अमितचा अमिता झाला, रोहितचा रोहिता, आणि सायली, मानसी, वैष्णवी आधीपासूनच मिझो निघाल्या. पोरं तासभर हसत होती, आणि त्या हसण्यात तोही होता.

पावसाळ्यात डोंगरावरच्या फणसवाडीच्या बायका रानभाज्या घेऊन खाली येतात. तुम्ही त्यांच्याकडून बांबूचे कोंब घेतलेत, वास्त्याची भाजी केलीत आणि त्या मुलाच्या घरच्या सगळ्यांना खाली बोलावलंत. पहिल्या घासाला त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याकडे बांबूला 'मौ' म्हणतात. त्याच्या वडिलांनी, डोक्यावर टोपी, आवाज बारीक, मुलांना मौतामची गोष्ट सांगितली: साधारण 48 वर्षांनी बांबूला फुलोरा येतो, ती फळं खाऊन उंदीर वाढतात आणि मग उभं भात फस्त करतात. 1959 मध्ये मोठा दुष्काळ पडला होता, 2007 च्या सुमाराला पुन्हा फुलोरा आला. आठवड्याभरात खाली 'मौताम' नावाचा खेळ सुरू झाला. ज्याच्यावर राज्य तो उंदीर, चपलांचा ढीग म्हणजे भात. तो खेळ अजून चालतो, बाई. आत्ताच्या लहान पोरांना तो कुठून आला हे माहीतही नाही.

आणि त्यांच्या पालेभाजीला 'बाइ' म्हणतात, हे कळल्यावर "आज आम्ही बाई खाल्ल्या" म्हणत पोरं तुमच्या दाराशी आली होती. तुम्ही पदर तोंडाला लावून किती हसला होतात!

दीड वर्षाने ते परत गेले. पण दोघं मित्र रविवारी फोनवर बोलतात, अर्धं मराठीत. गेल्या महिन्यात तो आमच्याकडेच झोपला. रात्री दोनपर्यंत कुजबुज चालू होती आणि मी मुद्दाम ओरडले नाही.

माझ्या लेकाला तुम्ही मित्र दिलात. मला जे दिलंत ते तोंडावर सांगायची हिंमत तेव्हा नव्हती. तुमच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर आज लिहिलं.

त्यांची पुढची तपासणी जानेवारीत आहे. दोघांना घेऊन पेणला येते. वास्ते तेव्हा मिळायचे नाहीत, वालाचं बिरडं करा.

तुमची,
बी विंगमधली, दुसऱ्या मजल्यावरची