त्या तिघांचे मनापासून आभार
परवा संध्याकाळी दादाला व्हीलचेअरवरून घेऊन लोकल पकडायला निघाले, तर स्टेशनची लिफ्ट बंद. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्टेशनं सुगम करण्याची तरतूद आहे. जिन्याला ते कोण सांगणार? तेवढ्यात दोन हमाल आणि परतीच्या वाटेवरचा एक डबेवाला थांबले. खुर्चीला हात लावण्याआधी त्यांतल्या वयस्कर काकांनी दादालाच विचारलं, "कुठं धरू? दुखत नाही ना?" (लोक सहसा मला विचारतात!) मग खुर्ची मागे कलती धरून, पायरीपायरीला "हां, सावकाश" म्हणत पुलावर चढवली, पलीकडे उतरवली आणि दिव्यांगांच्या डब्यातही चढवून दिली. चहाचे पैसेही घेतले नाहीत. नावं विचारायची राहिली, म्हणून हे इथे लिहितेय. लिफ्टबद्दल तक्रार दिलीच आहे.