एअरपोर्टवर येऊ नकोस

अरे मित्रा,

तुझे १७ मिस्ड कॉल बघितले, उचलता आले नाहीत, राग मानू नकोस. आत्ता रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि मी हॉटेलच्या बाथरूममध्ये टबाच्या कडेवर बसून हे टाइप करतोय, कारण खोलीत मोबाईलचा उजेड जरी पडला तरी आमची नवी पोरगी टक्क जागी होते. बायको आणि पोरगा ढाराढूर झोपलेत. म्हणलं आता निवांत सांगतो.

दत्तक मुलगी मिळाली. आज पाचवा दिवस. २२ महिन्यांची आहे. तिचं नाव, देश, आधीची हकिकत यातलं काही लिहिणार नाही, अगदी तुलासुद्धा नाही, कारण ती गोष्ट तिची आहे, मोठी झाली की कोणाला सांगायची ते तीच ठरवेल.

आणि मला बघितलं की ती किंचाळते.

खरंच. पहिल्या दिवशी तिला आणलं तेव्हा संस्थेतल्या मावशीच्या खांद्याला चिकटलेली होती, बायकोकडे दिली तर लाकडासारखी ताठ झाली पण रडली नाही, मग मान वळली, मी दिसलो, आणि असा टाहो फोडला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच रे, पुरुष म्हणजे कधीतरी येऊन सुई टोचणारा डॉक्टर. त्या रात्री मी मिशी काढली. हो तीच, कॉलेजपासून जिच्यावरून तू हसतोस. उपयोग शून्य! तिला मिशीचं काही नाही, माझ्या आवाजाची भीती वाटते, मला नुसती शिंक आली तरी बायकोच्या पोटात तोंड खुपसते.

सोशल वर्कर बाई म्हणाल्या, रडतेय ना, चांगलं आहे. जिला कोणीतरी आपलं माणूस होतं तीच ते गेल्यावर रडते. जे मूल अनोळखी माणसाकडे हसत हसत झेप घेतं त्याची काळजी जास्त करायची म्हणे. दिवसा हे मला पटतं. रात्रीचं वेगळं आहे. मध्यरात्री ती उठते, गुडघ्यांवर ओणवी होते आणि पुढे मागे झुलत राहते, अजिबात आवाज न करता. तेव्हा रडत नाही. रात्री रडून कोणी येत नाही हे तिला कळून चुकलंय, आणि दिवसभराच्या किंचाळण्यापेक्षा ते शांत झुलणं बघून माझ्या पोटात जास्त कालवलं.

बाकी बारीकसारीक. तिच्या अंगावरचे जुने कपडे आम्ही मागून घेतले, बदल्यात नवे दिले, कारण तिथे ते दुसऱ्या मुलांना लागतात. धुवायचे नाहीत, वास राहू द्यायचा, असं आम्हाला आधीच बजावलेलं. तर आमच्या चिरंजीवांनी टापटीप दाखवत ते धुण्याच्या पिशवीत घातले आणि मी अनवाणी लॉन्ड्रीवाल्याच्या मागे धावलो. खाणं तर विचारूच नकोस, पोट भरलं तरी थांबत नाही, झोपेतसुद्धा मुठीतलं बिस्कीट सुटत नाही. आम्ही ते काढून घेत नाही. तिच्या भाषेतले वीसेक शब्द पाठ केलेत, पाणी, पुरे, दुखतंय, मी आलो. माझे उच्चार ऐकून दुभाषी बाई तोंड फिरवून हसतात.

डॉक्टरांनी तपासलं, उंची कमी आहे. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे साधारण एक महिन्याची वाढ मागे पडते असा ढोबळ हिशोब असतो, आणि घर मिळालं की बरीचशी भरून निघते. मला त्या क्षणी आमची फाईल आठवली, जी एका टेबलावर ११ महिने नुसती पडून होती. बुखारेस्टमध्ये २००० साली संस्थांमधल्या १३६ मुलांवर अभ्यास सुरू झाला होता, निम्म्यांना चिठ्ठी टाकून चांगल्या पालक कुटुंबांमध्ये ठेवलं, तर दोन वर्षांची व्हायच्या आत जी घरात गेली त्यांचं जिव्हाळा लावणं बरंच जास्त सावरलं. हे वाचल्यापासून मी ते ११ महिने तिच्या वयात मोजतो आणि डोकं फिरतं.

पण सगळाच उशीर वाईट नसतो हेही इथे येऊन कळलं. परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारात आधी मुलाला त्याच्याच देशात घर मिळतंय का ते बघायचं, आईची संमती बाळ जन्मल्यावरच घ्यायची, त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत, असं सगळं आहे. आपल्याला वाटतं कागदांचा खेळ. मग दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये काय म्हटलं ते वाच, आईबाप असलेली मुलं अनाथ दाखवून परदेशी पाठवली होती. म्हणून मी संस्थेकडे तिच्याबाबतच्या संमतीच्या कागदांबद्दल तीनदा विचारलं, शेवटी बायको म्हणाली पुरे आता. तिचे लोक शोधण्यात गेलेला वेळ मला मान्य आहे. एक फाईल दुसऱ्या फाईलखाली दबल्यामुळे गेलेला मान्य नाही. आणि पोटात धाकधूक होतीच, चीनने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परदेशी दत्तक जवळपास बंदच केलं तेव्हा मुलाचा फोटो बघून वाट बघत थांबलेली घरं तशीच राहिली, आपलंही असं झालं तर.

नातेवाईकांचे मेसेज येताहेत, केवढं पुण्याचं काम, किती नशीबवान पोरगी. कसली नशीबवान? पाच दिवसांत तिची खोली गेली, भाषा गेली, मावशी गेली, शेजारच्या पाळण्यातलं पोरगं गेलं आणि बदल्यात मिळालं कोण, तर मी.

आमच्या पोराला मात्र तिने दुसऱ्याच दिवशी चालवून घेतलं, मुलांची तिला सवय आहे ना. तो जमिनीवर पालथा पडून गाडी फिरवतो आणि ती बघते. काल मीही तसाच पडलो, तिच्याकडे पाठ करून, गप्प. आज परत. अर्ध्या तासाने पाठीवर काहीतरी ओलं टेकलं. चघळलेलं बिस्कीट! मी श्वास रोखून पडून राहिलो. मग तिने ते उचललं आणि स्वतः खाल्लं.

आता व्हिसा झाला की निघू. म्हणून मुद्द्याचं, एअरपोर्टवर येऊ नकोस, कोणालाच आणू नकोस. निदान पहिले काही आठवडे तिला भरवायचं, उचलायचं, झोपवायचं फक्त आम्ही दोघांनी, म्हणजे आपली माणसं कोण ते तिला कळेल. नातीला मांडीवर घ्यायचं नाही हे आईला तूच सांग, माझं ती ऐकायची नाही, तुझं ऐकते. काय हवं ते कारण दे.

थांब, आत पलंग करकरला. झुलणं सुरू झालंय बहुतेक. जातो, जमिनीवर पाठ करून पडतो.

तुझाच,
बिनमिशीचा