व्यवसाय विषयांना दुय्यम वागणूक

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुस्तकी परंपरा जपणाऱ्या जुन्या शिक्षणसंस्थांनी सुतारकाम, यंत्रकाम, आरेखन, हिशेबलेखन यांसारखे विषय सुरू करावेत की नाही, यावर आपल्या दैनिकात चाललेला पत्रव्यवहार मी आस्थेने वाचत आहे. विषय सुरू व्हावेत, याबद्दल आता फारसे दुमत दिसत नाही. मात्र सुरू झालेले विषय काही वर्षांतच का मरगळतात, याकडे एकाही पत्रलेखकाचे लक्ष गेलेले नाही. अशाच एका संस्थेच्या कार्यशाळेत उमेदीची वर्षे निदेशक म्हणून काढली असल्याने हे लिहीत आहे.

हे दुखणे जुने आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1749 मध्ये फिलाडेल्फियात अकादमी काढण्याची योजना मांडली, तेव्हा तीत हस्ताक्षर, चित्रकला आणि हिशेब यांच्याबरोबरच बागकाम, कलमे बांधणे आणि चांगल्या शेतकऱ्यांच्या शेतांना भेटी देणे यांचाही समावेश होता. 1751 मध्ये अकादमी सुरू झाली, पण विश्वस्तांचा ओढा रोजच्या कामाला येणाऱ्या इंग्रजी शाखेपेक्षा लॅटिनकडे राहिला. 1789 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, फ्रँकलिन यांनी या अन्यायाचा पाढाच वाचला. त्यांच्या सांगण्यानुसार लॅटिनच्या शिक्षकाला वीस मुलांसाठी 200 पौंड ठरले आणि इंग्रजीच्या शिक्षकाला चाळीस मुलांसाठी 100; शिवाय ‘रेक्टर’ ही पदवी लॅटिनच्या शिक्षकाला मिळाली, इंग्रजीच्या शिक्षकाला कोणतीच नाही. केसांचे टोप विस्कटू नयेत म्हणून डोक्यावर न घालता नुसतीच काखेत बाळगल्या जाणाऱ्या हॅटची उपमा त्यांनी लॅटिन-ग्रीकला दिली. (त्या भाषांवर एवढा राग मला नाही, त्याही शिकवाव्यात.) थोडक्यात, अभ्यासक्रम कागदावर उत्तम होता, पगार, पदवी आणि मान यांच्या वाटपात तो मारला गेला.

आमच्याकडे वेगळे काही घडले नाही. अडगळीच्या खोलीत कार्यशाळा भरे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील दहा मिनिटे हत्यारे वाटण्यात आणि दहा ती मोजून परत घेण्यात जात. उरलेल्या वेळात रंध्याचे पाते नीट लावणेही होत नसे. गणितात कच्ची ठरलेली मुले आमच्याकडे धाडली जात, जणू लाकडाला गणित लागतच नाही. एकदा वर्गात पहिला येणारा एक मुलगा हौसेने आला. त्याने केलेली चौकट गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार) लावल्यावर कोपऱ्यात डोळ्यांना दिसेल एवढी फट दाखवू लागली. मी त्याला एका बाजूवर 30 सेंटिमीटरवर आणि लगतच्या बाजूवर 40 सेंटिमीटरवर खूण करून मधले अंतर मोजायला सांगितले. ते 51 च्या पुढे भरले. पायथागोरसचा सिद्धांत त्याला तोंडपाठ होता, पण ते अंतर 50 च का भरायला हवे, हे पट्टी हातात धरून उभा असताना त्याला पहिल्यांदा उमगले. त्याने पटाशी घेऊन कुसू, म्हणजे जोडाच्या खाचेत बसणारे टोक, पुन्हा तासला. पुढच्या सत्रात ‘अभ्यासाचे नुकसान होते’ या कारणाने त्याला कार्यशाळेतून काढून घेण्यात आले.

म्हणून नवे विषय जाहीर करणाऱ्या संस्थाचालकांना माझी विनंती अशी, की विषयांच्या यादीआधी त्यांनी वेळापत्रक प्रसिद्ध करावे. कार्यशाळेला सलग दोन तासिका मिळणार का, तिचे गुण एकूण गुणांत धरणार की प्रगतिपुस्तकाच्या तळाशी नुसती श्रेणी छापणार, निदेशकाचा पगार इतर शिक्षकांच्या बरोबरीचा असणार का, हे पालकांना प्रवेशापूर्वीच कळू द्यावे. आणि पहिल्या तुकडीत पहिल्या क्रमांकाची मुलेही असावीत.

आपला,
एक निवृत्त कार्यशाळा निदेशक