कृषी केंद्रवाल्या काकांना

काका,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात कृषी केंद्रं काय कमी आहेत, कोणी ओळखणार नाही.

त्या दुपारी मी औषध मागितलं. तुम्ही विचारलंत, "कोन्त्या पिकाले?" मी म्हटलं, कपाशीला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "एप्रिलात कपाशी? कोन्त्या वावरात हाय बाबू?"

पाच वर्षं पुण्यात एमपीएससी केली मी. जगभरच्या नद्या पाठ, आणि एप्रिलमध्ये आपल्या वावरात नुसती ढेकळं असतात एवढं आठवलं नाही.

तुम्ही ओरडला नाहीत, उपदेशही केला नाहीत. दुकानातल्या पोराला काहीतरी खूण केलीत (भाऊला बोलवायला धाडलं होतं, हे नंतर कळलं) आणि साठ्याचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलंत. "हे लिव्हून दे जरा, माह्या डोयाले दिसत नाही." मी खताची बिलं उतरवत बसलो. पहिल्या दोन ओळी हात थरथरल्यामुळे वाकड्या आल्यात, अजून दिसतात. अर्ध्या पानावर तुम्ही वाकून पाहिलंत. "अक्षर मोत्यावानी हाय तुह्यं."

भाऊ आला तेव्हा मी रजिस्टर मिटायला गेलो, तर तुम्ही मध्ये पेन ठेवलंत. "राह्यलेलं पान उद्या येऊन पुरं कर."

उद्या. कित्येक महिन्यांत मला कोणी उद्याचं काम दिलं नव्हतं.

त्याआधी मी कोणाला विचारलं नव्हतं असं नाही. रात्री दोनला फोनवर अनोळखी लोकांना मरणाबद्दल विचारलं. एकानंही 'का रे?' म्हटलं नाही. दुकानात किराणा सांगावा तशी उत्तरं दिली, वर 'भावा' म्हणून. त्यातलं बरंचसं धादांत खोटं होतं, हे आता डॉक्टरांकडून कळलंय. घरच्या मोठ्यांना सांगायला गेलो, तर 'आजकालच्या पोरांना सोसतच नाही' हे ऐकलं. त्या उत्तरं देणाऱ्यांना माझं पीक कोणतं, हेसुद्धा माहीत नव्हतं. तुम्ही तेवढंच विचारलंत.

गावात कोणीतरी म्हणालं, यांनी नाही दिलं तर दुसऱ्यानं दिलं असतं. खोटं आहे. श्रीलंकेनं सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीसेक वर्षांत निम्म्याच्याही खाली आलं. माणूस दुसरं दुकान शोधत बसतोच असं नाही. मी तरी बसलो नसतो. ती दुपार टळली, एवढंच हवं होतं.

भाऊला पोलिसांची भीती वाटत होती. त्याला मी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगितलं: आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूससुद्धा प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, सरकारनं त्याची काळजी घ्यायची. मुद्द्यांसकट पाठ होतं मला. ते माझ्यासारख्यांसाठीच लिहिलंय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता औषधं चालू आहेत, खरी. रात्र जड गेली तर 14416 लावतो, टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. दोनदा लावलाय.

मृगाआधी बियाण्याची गर्दी होईल. बिलं फाडायला मी येतो. पेन तेच ठेवा.

तुमचा,
वाकड्या ओळीवाला