नायटा नजरेने ओळखताना

महोदय,

‘पावसाळ्यातील त्वचाविकार’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. कड लाल व खवलेदार, मधली त्वचा स्वच्छ, असा गोल चट्टा ही त्यात दिलेली नायट्याची ओळख बरोबर आहे. पण औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले, स्टिरॉइड मिसळलेले मलम लावल्यावर नेमकी ती कडच पुसट होते. खाज थांबते, पण नायट्याचे मूळ असलेली बुरशी पसरतच राहते आणि चट्टा इसब किंवा सोरायसिससारखा दिसू लागतो. अशा वेळी कडेची त्वचा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीचे तंतू बहुधा सापडतात. या साध्या, स्वस्त तपासणीचा लेखात उल्लेखही नाही, हे खटकले.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमे ‘एच’ अनुसूचीत आणून चिठ्ठीविना विक्रीला मनाई केली; कागदावर तरी. आमच्याकडे अजूनही ‘खाजेचं मलम द्या’ एवढे म्हटले की पुरते, आणि मग तीच ट्यूब घरभर फिरते. अन्न व औषध प्रशासनाने निदान पावसाळ्यात तरी या मलमांची विक्री चिठ्ठ्यांशी पडताळून पाहावी.

– एक वाचक, कराड